रिकामी गव्हाण

आमच्या शेजारच्या बाई डिसेंबरच्या सुरुवातीला पत्र्याचा एक डबा आणून देतात. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते : ‘चोवीस तारखेच्या आधी उघडू नये.’ पहिल्या वर्षी मला वाटलं, आत काहीतरी मुरायला ठेवलंय, आपल्या लिंबाच्या लोणच्यासारखं. त्या पायऱ्या उतरून जाईपर्यंतही दम निघाला नाही. आत आल्याची बिस्किटं होती, खमंग, त्याच दिवशी खाण्याजोगी. मुरायचं होतं ते बिस्किटांनी नाही, मी.

बाई ऐंशीच्या घरातल्या. फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या आमच्या उपनगरात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातले सगळे रविवार कोपऱ्यावरच्या दगडी एपिस्कोपल चर्चमध्ये. एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाची अमेरिकी शाखा. त्या चर्चशी माझा संबंध आला तो भक्तीमुळे नाही, शिडीमुळे. घर रंगवायला म्हणून आम्ही बारा फुटी शिडी घेतली होती. बाईंनी ती खिडकीतून पाहिली आणि डिसेंबरात विचारलं, चर्चच्या खिडक्यांवर हिरव्या फांद्या बांधायच्या आहेत, शिडी देता का? शिडी दिली की ती धरायला माणूस लागतो. माणूस म्हणजे नवरा. नवरा गेला की मुलगी मागे जाते, आणि मुलगी कुठे गेली ते बघायला मी. असे आम्ही तिघं, घरात दीड दिवसाचा गणपती बसवणारे, गेली काही वर्षं दर डिसेंबरात तिथे असतो.

आत गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरली ती गव्हाण. वेदीच्या बाजूला लाकडी गोठा मांडलेला, त्यात एक गाय, एक गाढव, खाली खरा पेंढा. मधोमध छोटी गव्हाण, आणि ती रिकामी. मला वाटलं बाळ येशूची मूर्ती फुटली असेल, बिचाऱ्यांना दुसरी मिळाली नसेल. मी हळहळून तसं म्हटलंसुद्धा. बाई म्हणाल्या, ‘‘फुटली नाही. तो अजून यायचाय.’’

बाहेर तर तो कधीचा आलेला होता. हॅलोवीनचे भोपळे सुकायच्या आत दुकानांत घंटा वाजू लागतात, आणि थँक्सगिव्हिंगची टर्की पचत नाही तोवर रेडिओवर घसरगाडीची गाणी. या सगळ्या गदारोळात हे एक चर्च चार आठवडे ठामपणे सांगत असतं की नाताळ अजून लागलेला नाही. या चार आठवड्यांना ॲडव्हेंट म्हणतात. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत ‘आगमनकाळ’ हा फार नेमका शब्द आहे. संत अँड्र्यूचा दिवस ३० नोव्हेंबरला असतो, त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनाचा पहिला रविवार. चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी सुरू होतं. म्हणजे त्यांचा पाडवा ऐन हिवाळ्यात, आणि वर्षाचं पहिलं काम काय, तर वाट पाहणं.

आणि ही वाट पाहायचे नियम असतात! नाताळची गाणी चोवीसच्या संध्याकाळपर्यंत बंद. गायची तर आगमनाची, जरा उदास सुरांची. ‘ग्लोरिया’ हे देवाच्या गौरवाचं गान एरवी दर रविवारी दणक्यात होतं, ते चार आठवडे गप्प. कापडं जांभळी. काही चर्चमध्ये ती निळी असतात, आणि जांभळं की निळं या प्रश्नावर इथली कार्यकारिणी, जिला व्हेस्ट्री म्हणतात, आमच्या पुण्यातल्या सोसायटीने पाण्याच्या टाकीवर घातला नसेल एवढा वाद घालते असं बाई सांगतात. त्या स्वतः जांभळ्या पक्षाच्या. निळ्या पक्षाचा विषय निघाला की त्या कॉफी ओतायला उठतात.

वेदीजवळ हिरव्या फांद्यांचं एक कडं, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. ही गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण त्या दिवशी जरा आनंद करायला परवानगी असते. मला हे आवडलं. उपासाच्या मध्ये साबुदाण्याची खिचडी असावी तसं. एपिस्कोपल मंडळी हे कडं अगदी आपलं असल्यासारखं मिरवतात. मुळात ते जर्मन लुथरन लोकांकडून आलेलं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिच विशेर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब पोरांसाठी आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, या पोरांच्या भुणभुणीवर उपाय म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान तांबडी, रविवारी एक मोठी पांढरी. मोजा आणि गप्प बसा. आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीला किती दिवस उरले हे विचारून आईचं डोकं खाणारी मी, मला त्या माणसाची हुशारी लगेच पटली.

पण मोजणं हे मुलांचं काम. मोठ्यांच्या वाट पाहण्यात हातांना उसंत नसते, हे मला बाईंबरोबर चर्चमागच्या छोट्या खोलीत बसल्यावर कळलं. तिथे वेदीची सगळी भांडीकुंडी आणि कापडं असतात, आणि ती सांभाळणारं मंडळ म्हणजे ऑल्टर गिल्ड. प्रवचन कुणी करायचं ते बिशप ठरवोत, चर्च खरं चालतं ते या पाचसहा बायकांवर. डिसेंबरात चांदीची भांडी घासून लखलखीत करायची. द्राक्षारसाच्या पेल्याखालचं पांढरं लिननचं वस्त्र इस्त्री करून दोन्ही बाजूंनी तिघडी घालायचं, म्हणजे बरोबर नऊ चौकोन पडतात. कापडावर मेण सांडलं असेल तर त्यावर तपकिरी कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. हे सगळं बाईंनी मला शिकवलं. माझी एक घडी त्यांनी तीनदा उलगडून परत घालायला लावली. सासूबाईंची आठवण आली. त्यांना मोदकाच्या कळ्या मोजायची सवय होती.

त्या खोलीत दोन बेसिनं आहेत. एक साधं. दुसऱ्याला झाकण आहे आणि त्याची नळी गटाराला न जाता थेट जमिनीत जाते. पवित्र पेला विसळलेलं पाणी किंवा ती वस्त्रं पहिल्यांदा खळबळलेलं पाणी त्यातच ओतायचं, कारण ते सांडपाण्यात जाऊ द्यायचं नाही. बाई हे मला जरा संकोचून सांगत होत्या, ‘‘तुला विचित्र वाटेल...’’ मी म्हटलं, आमच्याकडे तुळशीत ओततात. त्यांनी तुळस म्हणजे काय ते विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘तुमची सोय जास्त चांगली आहे. आमची नळी थंडीत गोठते.’’

बायबलच्या गोष्टीचं नाटक चोवीसच्या दुपारी चारला असतं. त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण शाळेचं गॅदरिंग पाहिलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. मेंढपाळ वडिलांचे आंघोळीनंतरचे झगे घालतात. देवदूताला शिंक येते. आमची मुलगी दोन वर्षं मेंढी होती, तिसऱ्या वर्षी तिला बढती मिळून ती तारा झाली आणि तिने मेंढ्यांशी बोलणं सोडलं.

त्यापेक्षा मला जास्त लक्षात राहिली ती २१ डिसेंबरची संध्याकाळ. वर्षातली सर्वांत मोठी रात्र. ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलंय, ज्यांना सणाचा उजेड सोसत नाही, त्यांच्यासाठी बऱ्याच चर्चमध्ये या सुमाराला एक शांत प्रार्थना असते. एपिस्कोपल पंचांगात तो दिवस संत थॉमसचा. आधी येशूच्या जखमेत बोट घालून बघेन मग विश्वास ठेवीन म्हणणारा हा थॉमस पुढे केरळात आला अशी तिकडची श्रद्धा आहे. रोमन कॅथलिकांनी त्याला जुलैत हलवलं, यांनी मोठ्या रात्रीपाशीच ठेवलं. बरं केलं. माझे बाबा त्या ऑक्टोबरात नागपुरात गेले. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. चर्चच्या दाराशी एका ताटात चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, गेलेल्या माणसाचं नाव लिहायला. मी लिहिलं. सगळी नावं वेदीपाशी मोठ्याने वाचली गेली. वाचणारी मुलगी बाबांच्या नावातल्या जोडाक्षरावर अडखळली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून नीट वाचलं. दोनदा नाव घेतलं गेलं ते फक्त त्यांचं. बाजूला बाई होत्या. त्यांनी त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, अकराव्या वर्षी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

बाबा लहानपणी नागपुरातल्या सदर भागात जाताना स्कूटरवरून दाखवत, ते बघ ऑल सेंट्स कॅथीड्रल. मी कधी आत गेले नाही. आता इथे बसून कळतंय की उत्तर भारतातल्या सहा चर्चपंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केलं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. त्यांत अँग्लिकनही होते, म्हणजे बाईंच्या चर्चचे चुलतभाऊ. मी कॅलेंडर उलटून पाहिलं. तो दिवस रविवार होता, आगमनाचा पहिला.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या चढाओढीला लागल्या. आमच्या फिलाडेल्फियाचं ऐक म्हणाल्या. एपिस्कोपल चर्चची घटना १७८९ मध्ये इथेच ठरली. त्याआधी अमेरिकेला स्वतःचा बिशप हवा होता, पण इंग्लंडात दीक्षा घ्यायची तर राजाशी निष्ठेची शपथ आली, आणि राजाशी तर नुकतंच युद्ध झालेलं. म्हणून सॅम्युएल सीबरी १७८४ मध्ये स्कॉटलंडात ॲबरडीनला जाऊन बिशप होऊन आले. मग फिलिप्स ब्रूक्स. रिटनहाउस चौकातल्या होली ट्रिनिटी चर्चचे ते पाद्री. १८६५ च्या नाताळाच्या आदल्या रात्री ते बेथलेहेमात होते. तीन वर्षांनी त्यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी त्या छोट्या गावावर गाणं लिहिलं. चाल ऑर्गन वाजवणाऱ्या लुईस रेडनर यांना करायची होती, आणि रविवार तोंडावर आला तरी ती सुचेना. आदल्या रात्री झोपेतून जाग आली ती सूर कानात घेऊनच, असं रेडनर सांगत. आज ते गाणं जगभर गातात. बाईंच्या मते हा इतिहास नसून आळशी ऑर्गनवाल्यांना मिळालेलं कायमचं निमित्त आहे.

ब्रूक्स हे नाव मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिलं, कुठेतरी वाचलेलं. मग सापडलं. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चात याच फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि पुढची दोनअडीच वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत हिंडल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला वेगवेगळ्या पंथांच्या मंडळींनी ‘रमाबाई असोसिएशन’ काढली. तिच्या उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स होते. तेव्हा ते बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चमध्ये होते. त्या असोसिएशनच्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. मी बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी गव्हाणीतला पेंढा नीट करता करता ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे तुमच्याकडच्या विधवांच्या शाळेचं एक देणं आमच्या चर्चवर होतं, आणि ते फेडलं गेलं, असंच ना?’’ हो म्हटलं. ‘‘छान. व्हेस्ट्रीत सांगते.’’

चोवीसच्या रात्री साडेदहाची उपासना. उदबत्तीसारखा धूप, सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याची चकती लावलेली मेणबत्ती, दिवे मालवून एक गाणं. पुढच्या आठवड्यात बाकांवरचं मेण कोण खरवडणार, ते मला ठाऊक असतं, त्यामुळे माझं लक्ष गाण्यापेक्षा मेणबत्त्या तिरप्या धरणाऱ्यांकडे. गव्हाणीत बाळ आलेलं असतं. एवढंसं, हाताच्या तळव्यात मावेल असं, एका पायाचा अंगठा टवका उडालेला.

आणि आता यांचा नाताळ लागतो, तेव्हा बाहेरचा संपलेला असतो! सव्वीसला रेडिओ गप्प, सत्तावीसला झाडं रस्त्याच्या कडेला. यांचा मात्र बारा दिवस चालू. बाळाला भेटायला निघालेले तीन ज्ञानी राजे तर अजून वाटेतच. आगमनाच्या पहिल्या रविवारी ते उंटांसह मागच्या दारापाशी असतात, आणि दर रविवारी मुलं त्यांना एकेक खिडकी पुढे सरकवतात. मागच्या वर्षी हे काम आमच्या मुलीकडे होतं. एका रविवारी राजे खिडकीत नव्हतेच. शोधाशोध झाली. ते कॉफीच्या टेबलावर, केकच्या ताटाशेजारी उभे होते. लांबचा प्रवास आहे, त्यांना भूक लागली असेल, असं तिचं म्हणणं. तिथल्या पाद्रीबाईंनी मान्य केलं आणि राजांना पुढच्या रविवारपर्यंत तिथेच राहू दिलं. सहा जानेवारीला ते गोठ्यात पोचले, उंटाच्या पाठीवर साखरेचे कण.

नऊ तारखेला शिडी परत आली. आम्हाला त्याच संध्याकाळी दोन आठवड्यांसाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून मी तिळगुळाचे लाडू लवकर केले होते. बाईंना डबा दिला आणि म्हटलं, गोड बोला. त्यांनी झाकणाला हात घातला नाही. डबा उलटसुलट करून पाहिला, चिठ्ठी शोधत होत्या.

‘‘कधी उघडायचा?’’

‘‘चौदाला,’’ मी म्हटलं. खरं तर कधीही चाललं असतं.

चौदाच्या सकाळी सहा वाजता मोबाइलवर फोटो आला. स्वयंपाकघरातलं टेबल, उघडा डबा, शेजारी कॉफी. डब्यात दोन लाडू कमी होते. खिडकीबाहेर अजून काळोख होता.