हाउगने की हाउगेन

मी मुद्रितशोधक आहे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात पहिल्या मजल्यावर आमची जुळणीची खोली आहे. दोन संगणक, एक प्रिंटर आणि खिडकीशी माझं टेबल. बावीस वर्षं मी तिथे बसून दुसऱ्यांचं लिखाण वाचते आहे. एवढ्या वर्षांत नजरेतून चुका सुटल्या आहेत आणि त्या छापूनही आल्या आहेत. पण बरोबर असलेली गोष्ट माझ्याच पेनाने चूक झाली, असं एकदाच घडलं. तो जानेवारी २०१८ मधला गुरुवार होता.

पुस्तक हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासाचं होतं. लेखक कोथरूडचे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर. ९ फेब्रुवारीला दक्षिण कोरियात प्योंगचांगची स्पर्धा सुरू होणार होती, त्याआधी पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पोचायला हवं होतं. गारांचा पाऊस आला की ज्या गावातली पोरं वाट्या घेऊन अंगणात धावतात, त्या गावात बसून या माणसाने सहा वर्षं बर्फावरच्या खेळांची टिपणं काढली होती. हस्तलिखित पाठकोऱ्या कागदांवर होतं, पण अक्षर असं की जुळणी करणाऱ्या मुलीला एकदाही विचारावं लागलं नाही. मला ते पुस्तक मनापासून आवडलं होतं, हे आधीच सांगते. कारण पुढे जे झालं ते हलगर्जीपणामुळे झालं नाही, जरा जास्तच जीव लावून वाचल्यामुळे झालं.

वाचताना शंका आली की समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं, अशी माझी पद्धत. या पुस्तकात ती प्रश्नचिन्हं पुष्कळ झाली. पहिलं आलं शॅमोनीच्या प्रकरणात. फ्रान्समधल्या या गावात १९२४ साली पहिली हिवाळी स्पर्धा झाली, तेव्हा तिला ऑलिम्पिक म्हणतच नव्हते. नाव होतं आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह. आणि तारखा २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. सप्ताह बारा दिवसांचा कसा? सर म्हणाले, "ताई, नाव सप्ताहाचंच होतं, खेळ बारा दिवस चालले. दोन्ही बरोबर आहे. ऑलिम्पिकचा शिक्का तर दोन वर्षांनी, मागाहून बसला."

इन्सब्रुकच्या प्रकरणात प्रश्नचिन्ह नव्हतं, एक शब्द मी बदलला. १९६४ साली तिथे बर्फच पडेना, म्हणून ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फाचे वीस हजार ठोकळे घसरगाड्यांच्या मार्गासाठी आणि चाळीस हजार घनमीटर हिम स्कीच्या उतारांसाठी वाहून आणलं. ठोकळ्यांच्या जागी मी लाद्या केलं. बर्फाची लादीच म्हणतो आपण. सर लगेच हो म्हणाले. याच स्पर्धेत भारताचं नाव हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा लागलं, तेही जेरेमी बुजाकोव्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या स्कीपटूमुळे. त्या ओळीशीही मी दोन मिनिटं थांबले होते.

सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह त्या गुरुवारी सकाळीच झालं होतं. परिशिष्टात भारतीय खेळाडूंचा तक्ता होता. सोची, २०१४. शिवा केशवन, ल्यूज, म्हणजे बर्फाच्या मार्गावरची घसरगाडीची शर्यत. देशाच्या रकान्यात 'स्वतंत्र ऑलिम्पिक सहभागी'. त्याच्याच खाली हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल, देश भारत. एकाच स्पर्धेला गेलेले तिघे, मग एकाचाच देश वेगळा कसा? मी फोन लावला.

सर बराच वेळ बोलले. भारतीय ऑलिम्पिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. ७ फेब्रुवारीच्या उद्घाटनाला आपले तिघंही तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून चालले. केशवनची शर्यत ८ आणि ९ तारखेला झाली. ११ तारखेला निलंबन उठलं. त्यामुळे १४ तारखेला नदीम आणि १९ तारखेला हिमांशू भारताचे म्हणून उतरले. मनालीचा केशवन, १९९८ साली नागानोत सोळाव्या वर्षी एकटा भारताकडून गेलेला, दोन दिवसांनी चुकला. "त्या संचलनात आपला झेंडा शोधत मी टीव्हीसमोर बसलो होतो," सर म्हणाले. "टिपणं होतीच. पुस्तक करायचं ते त्या रात्री ठरलं." मी समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेजारी 'आहे तसेच' लिहिलं.

एवढं होऊन त्याच परिशिष्टात, दोन पानं अलीकडे, मी फोन केला नाही.

तिथे शॅमोनीचा पदकतक्ता होता. रकाने अरुंद, म्हणून नुसती आडनावं. स्की उडीच्या ओळीत सुवर्ण थाम्स, नॉर्वे. रौप्य बोना, नॉर्वे. कांस्य हाउगेन, अमेरिका. आदल्या दिवशी मी शॅमोनीचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं होतं. थोर्लाइफ हाउग हा त्या स्पर्धेतला सर्वांत मोठा खेळाडू. 'हाउगने तीन सुवर्णपदके जिंकली: १८ किलोमीटर व ५० किलोमीटर स्की शर्यत आणि नॉर्डिक कंबाइंड (स्की शर्यत व उडी मिळून). स्की उडीत तो तिसरा ठरला.' हे वाक्य मला पाठ झालं होतं. हाउगने. आणि तक्त्यात हाउगेन.

मराठी वाचणाऱ्या माणसाला इथे काय वाटेल ते सांगायला नको. मात्रा एक घर अलीकडे सरकली आहे, दुसरं काय? प्रकरणातून नाव उचलताना 'ने' प्रत्ययासकट आलं आणि मात्रा नवरून गवर गेली. अमेरिकेचंही उत्तर माझ्यापाशी होतं. वरच्याच ओळीत ५०० मीटर स्पीड स्केटिंगचा विजेता चार्ल्स ज्यूट्रॉ, अमेरिका. हिवाळी ऑलिम्पिकचं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्याचं. तक्ता करताना वरच्या ओळीतला देश खाली चिकटून राहतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. दोन्ही शंकांची उत्तरं इतकी नीट जुळली की विचारावं असं वाटलंच नाही. लाल पेनाने हाउगेन खोडून हाउग केलं, अमेरिका खोडून नॉर्वे केलं, आणि सकाळी अकराला परिशिष्टाचा फर्मा, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायची पानं, फायनल म्हणून सही करून दिला. दुपारी धायरीच्या छापखान्यात प्लेट लागली.

तीनच्या सुमारास जुळणीवरची मुलगी फाइली आवरत होती. तिने विचारलं, "ताई, शॅमोनीची एक चौकट राहिली आहे. पानात बसत नव्हती म्हणून बाजूला काढली होती. ठेवू की उडवू?" मी म्हटलं, प्रिंट काढ, बघते.

अर्ध्या पानाची चौकट होती ती. १९२४ साली स्की उडीचं कांस्यपदक हाउगला दिलं गेलं. नावापुढे १८ गुण. चौथा ठरला अँडर्स हाउगेन, नॉर्वेत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेला, त्याचे १७.९१६. पन्नास वर्षांनी, १९७४ साली, नॉर्वेच्या १९२४ च्या संघातल्या स्ट्रोमस्टाडच्या ध्यानात आलं की हाउगच्या गुणांचा हिशेब चुकला आहे. क्रीडा-इतिहासकार याकोब वोगे यांनी तो तपासला. नीट बेरीज केली तर हाउगचे गुण हाउगेनपेक्षा कमी भरत होते. हाउग १९३४ मध्येच वारला होता. हाउगेन जिवंत होता, पंचाऐंशी वर्षांचा. सप्टेंबरमध्ये त्याला ऑस्लोला बोलावलं आणि हाउगच्या मुलीने वडिलांचं पदक स्वतः त्याच्या हाती दिलं.

स्ट्रोमस्टाडबद्दल सरांनी कंसात एक ओळ लिहिली होती: शॅमोनीत ५० किलोमीटरला आणि नॉर्डिक कंबाइंडला हाउगच्या मागे दुसरा आलेला तो हाच.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग माझे हात गार पडले. पन्नास वर्षांनी ज्याच्या हातात पदक पडलं, त्याच्या हातून ते मी सकाळी अकरा वाजता काढून घेतलं होतं.

छापखान्यात फोन केला. मशीनवरच्या काकांना म्हटलं, मशीन थांबवा, चूक माझी आहे, मी येते आहे. ते म्हणाले, "एका बाजूचे साडेचारशे कागद झालेत, ताई." मी म्हटलं, असू देत. मालकांनाही तेच सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, नवी प्लेट काढा.

सरांना सांगणं त्याहून जड होतं. त्यांनी मध्ये एक शब्दही न बोलता ऐकून घेतलं आणि विचारलं, "चौकट गेली, हे मला कोणी कसं बोललं नाही?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडचण आणखी एक होती. शॅमोनीच्या प्रकरणाचा फर्मा बुधवारीच छापून झाला होता आणि त्यात 'स्की उडीत तो तिसरा ठरला' हे वाक्य तसंच राहणार होतं. तक्ता पूर्ववत केला की वाचणाऱ्याला वाटणार, पुस्तकच आपल्याशी भांडतं आहे. म्हणजे तक्त्याखाली टीप हवी. जागा होती दोन ओळींची.

त्या दोन ओळींना आम्हाला चाळीस मिनिटं लागली. सर फोनवरून सांगत होते, मी लिहीत होते, मुलगी टाइप करून ओळ कुठे मोडते ते बघत होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'हाउगला चुकून पदक मिळाले' असं होतं. सर म्हणाले, "नको. त्या बिचाऱ्याने काही चोरलं नव्हतं. तो त्या दिवशी जे दिलं ते घेऊन घरी गेला." शेवटी टीप अशी झाली: '१९२४ मध्ये हे पदक हाउग (नॉर्वे) यास देण्यात आले होते. गुणांच्या बेरजेतील चूक १९७४ मध्ये उघड झाल्यावर ते हाउगेन यास प्रदान झाले.' हाउगच्या मुलीच्या बाबतीतली ओळ बसली नाही. तिची रुखरुख मला अजून आहे.

रिक्षाने धायरीला पोचेपर्यंत साडेसात वाजले. नवी प्लेट लागली होती. साडेचारशे कागदांचा गठ्ठा भिंतीशी उभा होता, वरच्या कागदावर माझं नॉर्वे दिसत होतं. काकांनी नव्या प्लेटवरचा पहिला स्वच्छ कागद काढला आणि दिव्याखाली धरला. शाई ओली होती, म्हणून मी कडेनेच धरला आणि तिथूनच सरांना फोन लावला.

"वाचा," ते म्हणाले.

"स्की उडी. सुवर्ण, थाम्स, नॉर्वे. रौप्य, बोना, नॉर्वे. कांस्य, हाउगेन, अमेरिका."

"मात्रा गवर आहे ना?"

"गवर आहे, सर."

"मग चालू द्या."

काकांनी मशीन सुरू केलं.