नवा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याआधी व्होल्टेज समजून घ्या
नवा प्रोसेसर हाती आला की बहुतेकांची नजर गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वेगाच्या, आकड्यावर खिळते आणि ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, तो वाढवावासा वाटतो. मला मात्र त्याआधी व्होल्टेजचा आकडा महत्त्वाचा वाटतो. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या सम प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवले, तरी विजेचा खर्च सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो आणि त्या साऱ्याची अखेर उष्णताच होते.

हा धोका पुस्तकी नाही. २०२३ साली एएमडी कंपनीचा रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर बाजारात आल्यानंतर काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा रॅमचे एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) सुरू करताच काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना मिळणारे व्होल्टेज) फार वर नेत असल्याचे दिसून आले आणि एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणूनच कोणताही बदल करण्यापूर्वी बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे मी अनिवार्य मानतो.

रायझन ५ ७६००एक्सचे उदाहरण घेऊ. त्याचा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॉट असला तरी सॉकेटमधून तो १४२ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल अशीच त्याची रचना आहे. अशा प्रोसेसरचे सर्व कोअर (त्यातील स्वतंत्र गणना-विभाग) एकाच वेगावर बांधून टाकण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण एकट्या कोअरला मिळणारी जास्तीची बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) त्यात हातची जाते. त्यापेक्षा पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, एएमडीची बूस्ट वाढवणारी सोय) यातील कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून ऋण ऑफसेट द्यावा, म्हणजे प्रत्येक वेगाला लागणारे व्होल्टेज थोडे कमी करावे. त्याची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. आरंभी सर्व कोअरना उणे १० पायऱ्या देऊन नंतर एकेका कोअरचा स्वतंत्र विचार करावा; जे कोअर मुळातच सर्वांत वेगवान असतात, त्यांना बहुधा कमी ऑफसेट सोसतो.

खरी परीक्षा यापुढे आहे. सर्व कोअरवर ताण देणारी सिनेबेंच ही चाचणी अर्धा तास विनातक्रार चालते आणि नंतर ब्राउझर उघडून नुसते वाचत बसले असता संगणक अचानक रीस्टार्ट होतो, हा प्रकार ऋण ऑफसेटच्या बाबतीत नेहमीचा आहे. सर्व कोअर कामाला जुंपलेले असतात, तेव्हा वीज आणि तापमानाच्या मर्यादेमुळे वेग थोडा खाली राहतो. उलट हलक्या कामात एखादाच कोअर कमाल वेग गाठतो आणि नेमके तिथेच कापलेले व्होल्टेज अपुरे पडते. यासाठी एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ ही ताण-चाचणी चालवणारे कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या घटकाची) १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद आढळली, तर ऑफसेट कमी करावा, मग संगणक बंद पडलेला असो वा नसो. मूकपणे होणाऱ्या चुका मला अधिक गंभीर वाटतात, कारण त्या फाइली बिघडवू शकतात. ही चाचणी चालू असताना एक्स्पो बंदच ठेवावे, म्हणजे दोष प्रोसेसरचा की रॅमचा, असा घोळ होत नाही.

नेहमीचा हवेचा वा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे विदर्भात डिसेंबरमध्ये ठरवलेली सेटिंग्ज मे महिन्यात पुन्हा तपासायलाच हवीत.

पीबीओ सुरू केल्याने होणारे नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, याचीही जाणीव असू द्यावी. शिवाय सीमॉस क्लिअर करण्याची, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्याची, पिन मदरबोर्डवर कुठे आहे, हे ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधीच पाहून ठेवावे. अनेक बोर्डांवर ती कार्डाखाली झाकली जाते आणि चुकीच्या सेटिंगमुळे पडदा काळाच राहिला, तर पहिली गरज तिचीच पडते.