मुंबईचा पियानो नागपूरला नेताना

जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा पियानो घेतला की बहुतेकांना काळजी लागते ती रस्त्याची. नीट बांधलेल्या पियानोला समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर फारसे जड जात नाहीत. घात होतो तो जिन्यात, आणि पुढे नव्या घरातल्या हवेत.

अपराइटचं वजन 200 ते 300 किलो, आणि त्यातलं बरंचसं पाठीकडे. तारांचा 15 ते 20 टनांचा एकत्रित ताण पेलणारी बिडाची चौकट तिथेच असते, म्हणून तोल गेला तर तो मागे कलंडतो. पुढचे नक्षीदार पाय धरून उचलू नका, ते सांध्यातून निखळतात. खालची पितळी चाकं खोलीत जरासं सरकवण्यापुरती. लांब न्यायला ट्रॉलीच हवी. लांबी साधारण दीड मीटर, खोली 60 सेंटीमीटर. जिन्याच्या वळणावर तेवढी जागा आहे का, हे हमाल यायच्या आधी मोजा. आधी जाड ब्लँकेट, त्यावर प्लास्टिक. प्लास्टिक थेट पॉलिशला लागलं तर आत ओल कोंडून डाग पडतात.

गाडी बंद बॉडीची घ्या. पियानो उभाच, पाठ बाजूच्या भिंतीला टेकवून, शक्यतो केबिनच्या बाजूला ठेवा. मागच्या टोकाला हादरे जास्त बसतात. बांधायचे पट्टे दोन जागी, पण पुढे आलेल्या भागावर, म्हणजे कीबोर्डवर, त्यांचा दाब नको. (ग्रँडचं, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोचं तंत्र वेगळं: झाकण, पेडलचा सांगाडा आणि पाय काढून तो खर्जाकडच्या सरळ बाजूवर, फळीवर उभा करतात.)

आता हवा. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी आतली फळी, स्प्रूस लाकडाचा. मुंबईच्या दमट हवेत तो फुगलेला असतो, नागपूरच्या मे महिन्यात आकसतो. सूर उतरतो, कधी बोर्डाला चीर जाते. सगळ्यात वाईट म्हणजे पिनब्लॉकमधल्या, म्हणजे लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या, तारा ताणणाऱ्या खुंट्या सैल होतात; मग कितीही ट्युनिंग करा, सूर टिकत नाही आणि जाड खुंट्या बसवाव्या लागतात. म्हणून पैसे देण्याआधीच ट्युनरकडून खुंट्यांची पकड तपासून घ्या. न्यायचा तर पाऊस संपल्यावर न्या, उन्हाळ्यापूर्वी लाकडाला सवय व्हायला काही महिने मिळतात. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राखा, आणि कूलरचा झोत पियानोवर कधीच नको.

पहिलं ट्युनिंग दोन-तीन आठवड्यांनी. सूर फार उतरला असेल तर ट्युनर आधी ढोबळ ताण चढवतो, मग बारकाईने 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावतो. या दुहेरी कामाचा खर्च आधीच हिशेबात धरा.