पेलिकन राहू दे, न्यूट बघा : डॅन्यूब डेल्टा

डॅन्यूब नदी समुद्राला मिळते तो रोमानियातला डॅन्यूब डेल्टा, तिथे लोक पेलिकन बघायला जातात. तुल्चा या गावाहून सकाळी बोटी भरभरून निघतात, सगळ्या एकाच थव्याच्या मागे, आणि इंजिनांचा आवाज एवढा की आपण पोचेपर्यंत पक्षी उडालेले असतात. मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. बाकी बुखारेस्ट, तिथून तुल्चापर्यंतचा रस्ता, खाणंपिणं सगळं मस्त झालं, पण मला लिहायचंय ते एका रात्रीबद्दल.

दादा बुखारेस्टला नोकरीला असतो, त्याच्या ओळखीतल्या एक बाई उभयचरांच्या पाहणीचं काम करतात, रीतसर परवाना असलेल्या, त्या आम्हाला घेऊन गेल्या. न्यूट दिसतो पालीसारखा पण बेडकाच्या गोतातला. आपल्या सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहेत, पण मोठेपणीही शेपूट राहणारा उभयचर एकही नाही, भारतात तो बघायला पार दार्जिलिंगकडे जावं लागतं. त्यामुळे मला भयंकर उत्सुकता होती.

गावामागे एक उथळ डबकं, मासे नसलेलं, कारण मासे न्यूटची पिल्लं खाऊन टाकतात. डास प्रचंड. टॉर्च मारला तर आधी नर दिसला, पाठीवर दातेरी तुरा, वळला की केशरी पोट आणि त्यावर काळे डाग. आणि मग गवतात मादी. मागच्या पायांनी पाण्यातलं एक पान दुमडत होती, आत एकच अंडं, आपल्याकडे कागदाची पुडी बांधतात ना अगदी तसं, आणि मग पुढचं पान, पुन्हा एकच अंडं. अशी शेकड्याने अंडी घालते म्हणे. मी बघत बसले, तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, यातली निम्मी मरणार.

रोग नाही, प्रदूषण नाही. तुरेवाल्या न्यूटांच्या या सगळ्या गोतात पहिल्या नंबरच्या गुणसूत्राची दोन वेगळी रूपं आहेत, पिल्लाला दोन्ही एकेक मिळाली तरच ते जगतं, दोन सारखी आली की अंड्यातच वाढ थांबते. आणि तरी ती प्रत्येक अंड्याला तेवढ्याच काळजीने पान दुमडते! मला खरंच भरून आलं, दादा डासांनी वैतागून निघूया निघूया करत होता तरी मी हलले नाही.

हा डॅन्यूब क्रेस्टेड, म्हणजे तुरेवाला, न्यूट. 1903 साली किरिट्झेस्कू या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते युरोपभर पसरलेल्या मोठ्या क्रेस्टेड न्यूटचा एक प्रकार म्हणून, स्वतंत्र जात मानायला 1980चं दशक उजाडलं. ओळखायची खूण एकदम भारी, फासळ्यांचे मणके मोजायचे. ब्रिटनपासून सायबेरियाच्या कडेपर्यंत असणाऱ्या त्या मोठ्या भावाचे साधारण 15, याचे 16-17, म्हणून हा लांबुडका आणि सडपातळ. आणि या गोतात जो जास्त महिने पाण्यात राहतो त्याचं अंग जास्त लांब, हा तर वर्षातले जवळपास सहा महिने पाण्यातच.

राहतो मुख्यतः डॅन्यूब आणि तिच्या उपनद्यांच्या सपाट पूरमैदानांत. मध्ये सर्बिया-रोमानियाच्या सीमेवर आयर्न गेटची घळ लागते, तिथे डोंगर, म्हणून हा नाही, त्यामुळे वस्तीचे दोन तुकडे, वर हंगेरीकडचा आणि खाली हा डेल्टाचा. 2000 साली यांच्या दोन उपजाती केल्या होत्या पण पुढे जनुकं तपासल्यावर तसा फरक काही निघाला नाही. मला हे फार आवडलं, मधे अख्खा डोंगर आला तरी जात एकच.

म्हणून मला पूरमैदानं सुकवून शेती करण्याचा रागच येतो. डेल्टात पार्दिना नावाच्या भागात तेच केलं. तिथल्याच बाबिना बेटाचे बांध मात्र 1994मध्ये फोडून पाणी परत आत घेतलं, असं अजून कितीतरी ठिकाणी करायला हवं.

जाणार असाल तर मेपर्यंत जा, तिकडचा उन्हाळा सरत आला की ते पाण्याबाहेर पडतात. आणि स्वतःहून हात लावू नका, युरोपात कायद्याने संरक्षित आहेत. पुढच्या वसंतात मला वरचा तुकडा बघायचाय, व्हिएन्नाजवळचं लोबाऊ हे पूरमैदान, दादाला आत्ताच सुट्टी टाकायला सांगितलीय.