अलेंतेजोची सालं

अलेंतेजोत दोन दिवस मी फक्त झाडांची खोडं बघत हिंडले. दक्षिण पोर्तुगालचा हा रखरखीत मुलूख. नजर जाईल तिथवर पिवळं गवत आणि त्यात विरळ उभे बुचाचे ओक. (पांढऱ्या सुवासिक फुलांचं आपलं बुचाचं झाड ते वेगळं.) 2024 चा जून संपत आला होता, म्हणजे ऐन सोलणीचा हंगाम. या झाडांची साल सोलून तिचीच बाटल्यांची बुचं करतात.

पहिलं झाड बघून ते जळालंय की काय असं वाटलं. वरच्या फांद्या करड्या, खडबडीत आणि खाली खोड गुळगुळीत, गडद तांबडं. त्यावर पांढऱ्या रंगात 3 हा आकडा. 2023 साली सोललेलं. आता 2032 पर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोन सोलण्यांमध्ये निदान नऊ वर्षं जाऊ द्यायची, असा तिथला कायदाच आहे.

शेजारीच एक कोवळं झाड होतं, अजून कुऱ्हाड न लागलेलं. त्याच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. शेंड्याकडची डहाळी नितळ. मनगटाएवढ्या फांदीवर बारीक उभ्या चिरा. बुंध्याशी तर बोट आत जाईल एवढ्या भेगा. झाडाचं सगळं वय एका नजरेत! सालीखाली एक अगदी पातळ जिवंत थर असतो. तो बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी तयार करतो, पण त्या लवकरच मरतात. आतलं खोड जाड होत राहतं, मेलेली साल त्याच्याबरोबर वाढू शकत नाही, म्हणून फाटते. बहुतेक झाडांत मग आणखी आत नवा थर तयार होतो, त्याच्याबाहेरचं सगळं सुकतं आणि त्याच्या खपल्या होतात. या ओकचं वेगळेपण हे की त्याचा पहिलाच थर वर्षानुवर्षं काम करत राहतो. म्हणून एवढं जाड, सलग बूच मिळतं.

पहिली सोलणी साधारण पंचविसाव्या वर्षी, खोडाचा घेर 70 सेंटीमीटर झाल्यावर. ते बूच कडक आणि वेडंवाकडं निघतं. त्यानंतर जो नवा थर येतो तो आधीच रुंद झालेल्या खोडावर, त्यामुळे ताण कमी आणि भेगाही कमी. तरी बाटलीच्या बुचाजोगी साल मिळायला तिसरी सोलणी उजाडते. म्हणजे झाडानं चाळिशी ओलांडलेली असते!

दुपारी दोघं जण एक झाड सोलत होते. कुऱ्हाडीचा उभा घाव, मग दांडा चिरेत घालून हलकेच पिळायचा. कर्रर्र आवाज करत अख्खी फळी सुटून आली. घाव खोल गेला तर आतली साल दुखावते आणि तो व्रण झाड पुढे वागवत राहतं. म्हणून दोघंही बोलत नव्हते. उघड्या पडलेल्या खोडाला मी तळवा लावला. ओलसर, गार, फिकट गुलाबी. थोड्या वेळानं बघते तर रंग गडद व्हायला लागला होता.

निघताना त्यांनी फळीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. त्याची कड उजेडात धरून पट्ट्या मोजल्या. नऊ वर्षांच्या मानानं आठ पूर्ण भरल्या, आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धी: बाहेरची मागच्या सोलणीनंतरच्या उन्हाळ्याची, आतली या जूनपर्यंतची.