मागे पडदा नसलेला कॅमेरा

रविवार, १२ ऑक्टोबर

आज रोल धुतला. गणपतीत घातलेला, कोजागरीला संपलेला. फिल्म आता बाथरूमच्या दोरीवर वाळते आहे. ती गुंडाळू नये म्हणून खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावलाय. ओल्या फिल्मला धूळ चटकन चिकटते, त्यामुळे दार बंद, आणि घरातल्या सगळ्यांना आंघोळी आधीच उरकायला लावल्या.

ऑक्टोबरात पुण्यातल्या नळाला वीस अंशांचं पाणी येत नाही. परातीत बर्फ घालून त्यात डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधाची, बाटली ठेवायची आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. एचपी५ या फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. दर मिनिटाला फिल्मचा बंद टँक चार वेळा उलटासुलटा करायचा आणि ओट्यावर हलकेच आपटायचा, म्हणजे बुडबुडे सुटतात. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग हायपो. फिल्मवरचे उजेड न लागलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवून टाकतो, म्हणून नंतर फिल्म उजेडात काढली तरी काळी पडत नाही. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखवलं. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९मध्ये. चित्र टिकवायचं औषध चित्राच्या वीस वर्षं आधी तयार होतं, हे मला दर वेळी हायपो ओतताना आठवतं आणि दर वेळी तितकंच आवडतं.

फिल्म का, असं कुणी विचारलं की पूर्वी मी फोटोत दिसणाऱ्या बारीक दाण्यांबद्दल बोलायचे, काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटांबद्दल बोलायचे. ते सगळं खरं आहे. पण फोनमधल्या फोटोलाही आता दाणे लावता येतात, आणि बरे लावता येतात. यंदा गणपतीला गुहागरजवळच्या घरी गेले तेव्हा मला माझं खरं कारण कळलं असं वाटतं, म्हणून आज लिहून ठेवते.

आत्या उकड मळत होती. त्या स्वयंपाकघरात उजेड येतो तो फक्त मागच्या दारातून, तोही माडांमधून गाळून. लेन्स पूर्ण उघडली, एफ २, आणि एक तीसांश सेकंद. एवढ्या वेळात हात हलला तर फोटो हलतो, म्हणून दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास धरून एक काढला. खटका ऐकून आत्याने लगेच मान वर केली.

"कशी आलेय? दाखव बघू."

"अगं आत्या, यात लगेच दिसत नाही. रोल धुतला की."

"अगोबाई, तसला होय? बरं, मग दिवाळीत पाठव."

आणि तिने परत उकडीत हात घातले.

फोनवर हे कसं होतं ते मला पाठ आहे. फोटो काढला की ती हात पुसून येते, चष्मा लावते, "हनुवटी बघ कशी दिसतेय, काढून टाक" म्हणते. मग पदर सारखा करून पुन्हा उभी राहते. मोदक तसेच राहतात. माझ्या फोनमध्ये तिचे गेल्या काही वर्षांतले भरपूर फोटो आहेत आणि ते सगळे तिने पास केलेले आहेत. त्यांत ती उकड मळताना कुठेच नाही. मुरड घालताना ओठ मुडपते ती आत्या नाही, धाकट्या काकांवर ओरडणारी नाही. या रोलवर ती आहे. दाखवण्यासारखं काही नाही म्हटल्यावर ती मला विसरून गेली, आणि पुढच्या फ्रेम तिच्या त्या विसरण्यातून आल्या आहेत.

माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला नुसतं काळं झाकण आहे. पेंटॅक्स के१०००, १९७६पासून १९९७पर्यंत बनत होता तो. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी लागते. ती संपली तरी शटर चालतं. या कॅमेऱ्याचं कौतुक करणारे त्याच्या दणकटपणाचं करतात. मी त्या काळ्या झाकणाचं करते.

लगेच बघायची ओढ मात्र काही आजची नाही. १९४३मध्ये एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं की तुम्ही आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का दिसत नाही. त्या प्रश्नाच्या मागे लागून त्यांनी पोलरॉइड कॅमेरा घडवला आणि तो १९४८मध्ये विक्रीला आला. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत, आणि तो बघायला टीव्ही लागे. पाठीवर छोटा पडदा असलेला कॅसिओचा क्यूव्ही-१० आला १९९५मध्ये. पिक्सेल वाढले, रोल गेले, याबद्दल खूप लिहिलं-बोललं जातं. माझ्या लेखी समोरच्या माणसासाठी सगळ्यात मोठा बदल हा पडदा होता. त्या दिवसापासून फोटो काढून झाला तरी माणूस सुटत नाही. त्याला स्वतःकडे बघायला यावं लागतं.

आत्याला फिल्मचं काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण तिचं तरुणपण त्यातच गेलं. घरात काकांचा क्लिक थ्री कॅमेरा होता, बडोद्याला बनणारा. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. माजघरातल्या कपाटात त्या फोटोंचा अल्बम अजून आहे, काळ्या जाड पानांचा, मध्ये बटर पेपर घातलेला. त्यात मिटलेले डोळे आहेत, अर्धवट उघडी तोंडं आहेत, कडेला कापली गेलेली एक मावशी आहे. बारातले आठ बरे आले तर आठ लावायचे, असं कुणी करत नसे. पैसे मोजून धुवून आणलेले, सगळेच लावले जायचे. आज त्या अल्बमवर घरचे सगळे जमतात तेव्हा बोट पहिल्यांदा जातं ते त्या तथाकथित बिघडलेल्या फोटोंवरच. "हे बघ, दादा असाच करायचा तोंड."

या रोलमध्येही तसे आहेत. अजून नीट बघितले नाहीत, पण निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्यावर ओळखू येतं. आरतीच्या वेळी झांज वाजवणाऱ्या मुलांचे हात हललेत. आत्याच्या एका फ्रेममध्ये डोळे मिटलेले आहेत.

एका मित्राचं म्हणणं, डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा बंद ठेव, काम झालं. माझ्यापुरतं ते चालेल, मनाला लगाम घालता येतो. पण समोरच्याला ठाऊक असतं ना की आत फोटो तयार आहे. मागितला तर नाही म्हणणं हा उद्धटपणा होतो, आणि घरच्या माणसांशी मला तो करायचा नाही. फिल्ममध्ये नाही म्हणायची वेळच येत नाही, कारण मलाही दिसत नसतं. आत्या आणि मी, दोघी एकाच बाजूला असतो. फिल्मवरच्या क्षाराच्या प्रकाश पडलेल्या कणात धातूरूप चांदीचे मोजके अणू तेवढे तयार झालेले असतात, कुठल्याही डोळ्याला न दिसणारे. त्या खुणेवरून डेव्हलपर पुढे अख्खा कण काळा करतो. गणपतीपासून आज दुपारपर्यंत आत्या त्या खुणांमध्ये होती, आणि मधल्या काळात ती चांगली आली की वाईट हे ठरवणारं कुणीच नव्हतं.

याची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रोल आणि रसायनं मिळून एका फ्रेमला पंचवीस-तीस रुपये पडतात. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, त्यांची 'इंदू' नावाची फिल्म यायची. तो बंद पडला आणि आता आपल्याकडचे रोल बहुतेक परदेशातून येतात. फिल्मवरचा जिलेटिनचा थर जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतो, आमच्या शाकाहारी घरात हे मी सांगून ठेवलं आहे. वापरलेला हायपो बेसिनमध्ये ओतायचा नाही, त्यात चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. मी तो वेगळ्या कॅनमध्ये साठवते. आणि कोकणातून आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर आतून बुरशी धरते. एवढं सगळं करायची तयारी असेल तरच यात पडावं. फोन मीही रोज वापरते, पावत्यांना, पाट्यांना, भावाला नळाची गळती दाखवायला. ती कामं फिल्मची नाहीत.

फिल्म वाळली की सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पाकिटात घालायच्या. धनत्रयोदशी पुढच्या शनिवारी आहे, म्हणजे प्रिंट बुधवारपर्यंत हातात हवेत, नाहीतर पोस्टाने दिवाळीत पोचणार नाहीत. आत्याचे सगळे पाठवणार आहे, मिटलेल्या डोळ्यांचा धरून. त्यातला कुठला लावायचा ते तिने ठरवावं.