तिंबुलस्लोको : पाण्याखाली गेलेली मालकी

इंडोनेशियात, मध्य जावातील दमाक जिल्ह्यात, सेमारांग शहराच्या पूर्वेस असलेल्या तिंबुलस्लोको गावात आजचा दिवस गेला. जिथे पूर्वी भातशेती होती आणि नंतर मासे-कोळंबीची तळी आली, तिथे आता समुद्र आहे. घरांना जोडणाऱ्या वाटा लाकडी फळ्यांच्या आहेत, आणि पाणी चढत गेले तसतशी लोकांनी घरातली जमीन इतक्या वेळा उंच केली आहे की काही घरांत छप्पर डोक्याला टेकते. दफनभूमीसुद्धा भराव घालून वर उचलावी लागली.

समुद्राची पातळी वाढते आहे हे खरेच. पण या किनाऱ्यावर जमीन त्याहून वेगाने खचते आहे. भूजलाचा बेसुमार उपसा आणि तळ्यांसाठी झालेली कांदळवनांची तोड यांनी गावाचे संकट वाढवले.

मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते कायद्याने. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत भूमी कायद्यातील २७व्या कलमानुसार जमीन नष्ट झाली की तिच्यावरचा मालकी हक्कही संपतो, आणि २०२१ च्या सरकारी नियमावलीने अशी जमीन नष्ट ठरवण्याची रीत घालून दिली आहे. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसली, त्याच्याकडे फक्त प्रमाणपत्राचा कागद उरू शकतो. जमीन खचण्यात माणसाचा इतका मोठा हात असताना या नुकसानीला निव्वळ निसर्गाची करणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. इथल्या लोकांना मिळायची ती रक्कम मदत म्हणून नव्हे, तर भरपाई म्हणून मिळायला हवी.